राखीव बरण्या

९ मार्च

ताई,

सात महिने पत्र नाही, याची आधी माफी मागतो. या काळात तीन पार्सलं पाठवली आणि प्रत्येकात चिठ्ठी घातली, पण "सकाळी खाल्ल्यावर सपाट एक चमचा" याला पत्र म्हणत नाहीत, एवढं मला कळतं. लिहायला बसलो की दुसऱ्याच ओळीत काहीतरी खोटं वाटायचं आणि कागद बाजूला पडायचा. डायरी मात्र रोज लिहितो. तिला उत्तर द्यायचं नसतं.

इकडे पाला वाळवायच्या खोलीचं छत गळतंय. मी पाल्याच्या चाळण्या या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेतो आणि गळती माझ्या मागोमाग येते. सरांना तीन अर्ज दिले. सर म्हणाले, "छत हा माझा विषय नाही." प्रयोगशाळेचे प्रमुख तेच आहेत, त्यामुळे छत कोणाचा विषय आहे हे विचारायला मी कोणाकडे जावं ते कळत नाही.

चाचणी मात्र संपली. छत्तीस माणसं, आठ आठवडे. सगळी तुझ्यासारखीच, रोज एचआयव्हीच्या गोळ्या घेणारी. निम्म्यांना गोळ्यांबरोबर आमच्या पिवळ्या वेलीच्या अर्काची भुकटी दिली कॅप्सूलमधून, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या कॅप्सूल. दर आठवड्याला प्रश्नावली भरून घेतली: मळमळ किती वेळा, चक्कर किती वेळा, भलती स्वप्नं पडली का. अर्कवाल्यांच्या प्रश्नावल्या शेवटी शेवटी कोऱ्याच येऊ लागल्या. सगळं "नाही, नाही, नाही". सर इतके खूश की छताकडे बघून हसले.

तू मागच्या वर्षी लिहिलं होतंस, शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, तू शेजारी, आणि भर चौकात तुझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. पायाखालचा जादा ब्रेक कसा दाबलास ते आठवत नाही म्हणालीस. मोटार शिकवणाऱ्या बाईला चक्कर येणं हा विनोद आहे, असंही लिहिलंस. मला हसू आलं नाही. त्यानंतरच मी या अर्काच्या पहिल्या बरण्या पाठवल्या.

सहज दोन गोष्टी विचारायच्या होत्या. बरण्यांतलं काही उरलंय का? आणि रक्तातल्या विषाणूंची मोजणी शेवटची कधी केलीस? आकडा कळवलास तर बरं होईल, माझ्या नोंदीसाठी. अर्क उरला असेल तर थोडे दिवस घेऊ नकोस. तसं काही नाही. ऋतू बदलतोय, पोटाला जरा विश्रांती मिळेल.

तुझा,
फूटपट्टी
(तूच ठेवलेलं नाव. नऊ वर्षांत दुसऱ्या कोणी त्या नावाने हाक मारलेली नाही.)

२१ मार्च

ताई,

काल तुझं चार पानी पत्र आलं. आनंद झाला, अर्धा मिनिट टिकला.

तुझं वजन साडेचार किलो वाढलं. शिकायला एक निवृत्त न्यायाधीश येतात, ते आरशात बघायला तयार नाहीत, कारण मागच्यांनी आपली काळजी आपण घ्यावी असं त्यांचं मत आहे. घरमालकिणीच्या मांजराला चार पिल्लं झाली. माझ्या गळतीवर उपाय म्हणून "चाळण्या हलवू नकोस, सरांना हलव." वा. अख्ख्या पत्रात जगाची उत्तरं आहेत, मी विचारलेल्या दोन प्रश्नांची तेवढी नाहीत. लहानपणी आई विचारायची, "दूध सांडलं कोणी?" आणि तू तिला शाळेत काय झालं ते सांगत बसायचीस. तीच तू.

आणि सही झाल्यावर, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात: "सहा बरण्या लगेच पाठव. गुरुवारच्या बायकांना पुरत नाहीत."

हे मी चार वेळा वाचलं. दवाखान्यात दर गुरुवारी गोळ्या घ्यायला येणाऱ्या तुम्ही दहा जणी. बाकावर शेजारी शेजारी बसता. तू पर्समधून बरणी काढतेस आणि चमच्या-चमच्याने त्यांच्या डब्यांत वाटतेस. वर लिहितेस की त्यातल्या शिंपीणबाईंनी सगळ्यांचे कपडे उसवून सैल करून दिले, इतक्या सगळ्या सुधारल्या. सात महिन्यांत अकरा बरण्या एकटीने कशा संपवल्यास याचं मला नवल वाटत होतं. मी डायरीत "सांडत असावी" असं लिहून ठेवलंय. शास्त्रीय निष्कर्ष.

आता नीट वाच. उभी असशील तर बस.

अर्क बंद. आजपासून. गोळ्या चालूच ठेवायच्या, एकही चुकवायची नाही. फक्त अर्क बंद. तुझा, आणि त्या नऊ जणींचाही.

कारण सांगतो. आमच्या छत्तीस जणांचं रक्त आम्ही दर आठवड्याला घेत होतो आणि नळ्या फ्रीझरमध्ये ठेवत होतो. गोळीतलं औषध रक्तात किती आहे, ते मोजायचं यंत्र दुसऱ्या संस्थेत आहे. ६ मार्चला पहिल्या बारा नळ्यांचे आकडे आले. रक्तनळ्या सांभाळणाऱ्या आमच्या सहकारी आहेत, त्यांना सगळे नळीबाई म्हणतात. त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे बघा, आणि मग मला सांगा की यंत्र बिघडलंय."

"यंत्र बिघडलंय," मी म्हणालो.

"पिठाच्या कॅप्सूलवाल्यांपुरतं बरं आहे. अर्कवाल्यांपुरतं बिघडलंय. हुशार यंत्र आहे."

अर्कवाल्यांच्या रक्तात औषध निम्म्याहून कमी. आता सगळ्या नळ्या मोजून झाल्यात आणि चित्र तेच आहे. आमचा अर्क यकृताला असा कामाला जुंपतो की गोळीतलं औषध रक्तात टिकायच्या आत बाहेर पडतं. औषधच उरलं नाही तर मळमळ कशाची आणि चक्कर कशाची? तुला बरं वाटतंय, ताई, कारण गोळी तुझ्यावर काम करेनाशी झालीये. विषाणूवरही. आमच्या लोकांनी आठच आठवडे घेतलं आणि त्यांना आम्ही परत बोलावलंय. तू सात महिने घेतेयस.

मागच्या पत्रात मी "तसं काही नाही" लिहिलं, तेव्हा त्या बारा नळ्यांचा कागद माझ्या खणात होता. तुला घाबरवू नये, आधी सगळे आकडे येऊ देत, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे नऊ वर्षांनी तू मला चार ओळी लिहू लागली होतीस आणि मला ते बिघडवायचं नव्हतं. बारा दिवस गेले त्यात. दहा जणींचे बारा दिवस.

अजून एक सांगतो, कारण ते लिहिल्याशिवाय हे पत्र पाकिटात जाणार नाही. चाचणी चालू असतानाच सर म्हणाले होते, पाच-सहा नळ्या मध्येच मोजून बघू. मी आडवा गेलो. सगळ्या नळ्या चाचणी संपल्यावर सलग, एकाच यंत्रावर, एकाच माणसाने मोजल्या तरच आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात, असं मी पाऊण तास समजावलं. सर शेवटी कंटाळून म्हणाले, "बरं बाबा, तुझं शास्त्र तुझ्यापाशी." तेव्हा मोजल्या असत्या तर तिसरं पार्सल तुला गेलंच नसतं.

उत्तर लगेच दे. न्यायाधीशांना वगळून दे.

फू.

३ एप्रिल

ताई,

तुझ्या उत्तरात पाच ओळी आहेत. चार पानांवरून पाच ओळींवर मला कसं आणायचं ते तुला बरोबर माहीत.

"नऊ वर्षांपूर्वी तू एका रकान्यात खरं लिहिलंस आणि मी नोकरी सोडली, शहर सोडलं. आता परत खरं लिहिलंयस. या वेळी काय सोडू? आणि तुझ्या सरांना माहीत आहे का, की बरण्या मला पाठवल्यास?"

त्या अर्जाबद्दल आपण कधी बोललो नाही. मी बोललो असतो, तू बोलू दिलं नाहीस, आणि खरं सांगायचं तर तू बोलू दिलं नाहीस याचं मला बरंच वाटत होतं. तू पाच आठवडे इस्पितळात होतीस. तुझ्या शाळेत रजेचा अर्ज द्यायचा होता. "आजाराचं स्वरूप" असा रकाना होता. मी ठळक इंग्रजीत एचआयव्हीची तीन अक्षरं लिहिली आणि खाली तारीख घातली. तापही लिहिता आला असता. कावीळ, अशक्तपणा, कोणी काही विचारलं नसतं. तू परत कामावर गेलीस तेव्हा शिक्षकांच्या खोलीत तुझा कप वेगळ्या खणात ठेवलेला होता, हे मला तू नाही, आईने सांगितलं. मी तेव्हा म्हणालो होतो, "पण रकान्यात विचारलं होतं."  त्यानंतर बरेच दिवस आईने मला काही विचारलंच नाही, ना जेवलास का, ना झोपलास का. बहुतेक खरं उत्तर येईल या भीतीने.

तेव्हा मला वाटायचं, मी खोटं लिहू शकत नाही. आता मोठा गमतीचा भाग ऐक.

सरांना माहीत नाही. दर वेळी अर्क काढला की त्यातला काही भाग राखीव म्हणून बरण्यांत ठेवायचा असतो. मुदत संपली की तो नष्ट करायचा आणि नोंदवहीत तारीख घालून सही करायची. अकरा बरण्यांपुढे "नष्ट केले" असं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. अक्षर नेहमीसारखंच आहे. हात कापला नाही, शाई फुटली नाही, मी बघितलं. म्हणजे मला खोटं लिहिता येतं, ताई. ते नऊ वर्षांपूर्वी आलं असतं तर उपयोगाचं झालं असतं.

तुझी पुढची ओळ: "दवाखान्यात फोन केलास तर याद राख. तिथली नर्स पाला खाणाऱ्यांची नावं लाल शाईने लिहिते आणि सगळ्यांसमोर वाचते." मग मी करू काय? पत्र पोचायला चार दिवस, तुझ्या रागाला दोन दिवस, उत्तराला चार दिवस. हवामानखात्यालाही याहून लवकर उत्तर मिळतं.

सोमवारी राहवलं नाही. तुझ्या मोटार स्कूलला फोन केला. हो, तिथे कधी करणार नाही असं तुला पूर्वी कबूल केलं होतं. एका बाईंनी उचलला.

"मॅडम गाडीवर आहेत. कोण बोलतंय?"

मी कोण ते सांगता येईना. म्हणालो, "शिकायचंय."

"वय?"

"सेहेचाळीस."

"उशीरच केलात. चष्मा?"

"आहे."

"मंगळवार साडेसात. येताना दोन फोटो आणा."

तर मंगळवारी साडेसातला तुझ्याकडे जो माणूस आला नाही तो मी.

तुझी शेवटची ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली. "त्या बायकांना बरणी देताना मी म्हटलं होतं, माझ्या भावाने केलंय, तो शास्त्रज्ञ आहे." तू कोणाला तरी सांगितलंस की तुला भाऊ आहे. हे कळायला यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडली नसती.

मी आता तुला विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत काही करत नाही, हे माझ्या स्वभावाच्या विरुद्ध आहे याची नोंद घे. दवाखान्यातल्या कोणाशी बोलू का? हो किंवा नाही. आणि अर्क थांबवलात का? हो किंवा नाही.

फू.

१२ एप्रिल

ताई,

सरांना सांगितलं. त्याआधी दोन दिवस मी डायरीत सांगायची तालीम केली. शेवटी खोलीत गेलो आणि तालमीतलं एकही वाक्य आठवलं नाही. नोंदवही उघडून अकरा ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "या नष्ट केल्या नाहीत. बहिणीला पाठवल्या."

सरांनी चष्मा लावून अकराही ओळी वाचल्या. मग म्हणाले, "बहिणीला काय झालंय?"

ताई, तोंडाशी आलेली तीन अक्षरं मागे घेतली आणि म्हणालो, "ते तिला विचारावं लागेल."

"मला हे सांगायची गरज होती?" सर म्हणाले. "राखीव बरण्या कोण मोजतंय इथे? मी तर नाही."

"म्हणूनच सांगितलं."

"तू ना, माणसाला चांगलं वागायची सोय ठेवत नाहीस," सर म्हणाले, आणि मला कामावरून थांबवल्याचा कागद स्वतःच टाइप करायला बसले, दोन बोटांनी. मी शेजारी उभा राहून त्यांच्या दोन चुका दुरुस्त केल्या. बाहेर नळीबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "स्वतःच्या फाशीचा दोर मापून देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला."

गुरुवारी, १७ तारखेला, अकरा वाजता चौकशी आहे. तीन जणांची समिती.

घरी आलो तर तुझं पत्र. त्यात दवाखान्याचा कागद घडी घालून ठेवलेला. मागच्या वर्षी "विषाणू सापडत नाही." या वेळी चार हजार सहाशे.

मी तारीख बघितली. रक्त दिलंयस २७ मार्चला. म्हणजे माझं पत्र मिळाल्यावर पहिल्याच गुरुवारी तू जाऊन नळी भरून आलीस, आणि मग घरी येऊन मला त्या पाच ओळी लिहिल्यास. माझ्यावर विश्वास नाही असं लिहायचं आणि हात मात्र सुईपुढे करायचा. हे मला सांगितलं असतंस तर मी त्या आठवड्यात तीन वेळा कमी जागा झालो असतो. पण कोणाला सांगतोय मी. "तसं काही नाही" लिहिणारा मीच.

तू लिहितेस की डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या नाहीत, आधी अर्क उतरू देत म्हणाले, महिन्याने परत मोजू. बरोबर आहे त्यांचं. त्यांना अर्काचं सांगितलंस हेही बरं केलंस. नाव लाल शाईत गेलं का? लिहिलं नाहीस म्हणजे गेलं असावं.

आणि मग तुझा तो परिच्छेद, जो मी वाचून उठलो आणि खोलीत फेऱ्या मारल्या. तू अर्क थांबवलास आणि दहा दिवसांत चक्कर परत आली, जेवण टिकेना, गुरुवारी बाकावर बसल्या बसल्या दोनदा उठून जावं लागलं. आणि शेजारी त्या नऊ जणी, शिल्लक अर्क चाटून खाणाऱ्या, ठणठणीत. "मी त्यांना सांगते की हे विष आहे, आणि ओकतेय मी. त्या माझ्याकडे बघतात आणि डब्याचं झाकण घट्ट लावतात. शिंपीणबाई म्हणाल्या, ताई, तुम्हीच परत सुरू करा, किती वाळलात."

 आयुष्यभर मी म्हणत आलो की समोर दिसतं त्यावर विश्वास ठेवा. त्या बायका तेच करतायत. त्यांना जे दिसतंय ते आमच्या प्रश्नावलीलाही दिसलं होतं आणि आम्ही त्या आनंदात चहा प्यायलो.

तू म्हणतेस, "फोन नको, पत्र नको. ज्याने केलंय त्यानेच येऊन सांगावं. माझ्या शब्दाने त्यांनी घेतलं, तुझ्या शब्दाने थांबतील." येतो. चौकशी झाली की पुढच्या गुरुवारी, २४ तारखेला, सकाळी तुमच्या बाकापाशी असेन. तोवर त्यांचा अर्क संपेल अशी आशा करतो, आणि आशा करणं ही काही पद्धत नव्हे हेही मला कळतं. हे पत्र कुरिअरने पाठवतोय, उद्या मिळेल, तूही उत्तर तसंच पाठव.

फू.

१६ एप्रिल, दुपार

ताई,

हे पत्र टपालात टाकणार नाही. बसच्या थांब्यावर बसून लिहितोय, गाडीला पन्नास मिनिटं आहेत. उद्या हातात देईन. फाडायचं असेल तर समोर फाड.

तुझं कार्ड सकाळी कुरिअरने मिळालं. "२४ नको, १७ ला ये. शिंपीणबाईंना सातवा महिना आहे. मला आधीपासून माहीत होतं. लिहिलं नाही, कारण तू उठून दवाखान्याला फोन केला असतास. आता मीच सांगते, डॉक्टरांना कर. नर्सला नको."

केला असता. त्याच मिनिटाला केला असता आणि नर्सने ते वाचून दाखवलं असतं. तुझं बरोबर होतं. आणि चूकही होतं, कारण मूल पोटात असताना आईच्या रक्तात विषाणू वाढला तर तो कुठे जाईल हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि मला कोणावर चिडावं ते कळेना. म्हणून थोडा वेळ तुझ्यावर चिडलो, मग सवयीने स्वतःवर.

तू तिच्या घरी जाऊन आलीस तेही वाचलं. शिवणयंत्र थांबवलंही नाही तिने. "जेवण टिकतंय, बाळ हलतंय, तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा." मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पहिल्या पाच महिन्यांत तिला पाणी पचत नव्हतं म्हणतेस. मग एका बाईने चमचाभर भुकटी दिली आणि भूक लागली. त्या बाईच्या भावाने आता येऊन सांगायचं की भूक लागली हीच खूण वाईट.

डॉक्टरांना फोन केला. तू म्हणालीस तसं, नर्सला टाळून. त्यासाठी चार वेळा ठेवून परत करावा लागला. शेवटी त्यांनीच उचलला. मी नाव सांगितलं नाही, कोणाचंच. अर्काचं सांगितलं, नळ्यांचे आकडे सांगितले.

"किती जणी?" त्यांनी विचारलं.

"दहा. एकीचं तुम्ही पाहिलंत."

"उरलेल्यांत गरोदर?"

"एक. सातवा."

तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. कप असेल. "अर्क तुम्ही केलात?"

"हो."

"मग मला कशाला सांगताय? तिला सांगा. उद्या सकाळी नऊला माझ्या खोलीत घेऊन या, काउंटरवर जायच्या आधी. उद्याच मोजलं, औषध बदललं, तर वेळ आहे अजून. आठवडा घालवलात तर पुढचं मी काही सांगू शकत नाही."

नऊला तुझ्या शहरात असायचं तर आजची हीच गाडी. चौकशी उद्या अकराला. सरांना फोन केला. ते म्हणाले, "आला नाहीस तर एकतर्फी निकाल लागेल. मला काही करता येणार नाही." मी म्हटलं, कळतं. ते म्हणाले, "तुला तिथे जायची एवढी घाई का आहे हे समितीला काय सांगू?" मी म्हटलं, "काही सांगू नका." ते म्हणाले, "प्रगती आहे," आणि ठेवला.

मी स्वतःला विचारून पाहिलं, ताई, की मला ती चौकशी हवी होती का. हवी होती. तीन माणसं, एक लिहून घेणारा, मी उभा राहून अकरा ओळी वाचणार, ते शिक्षा सांगणार, मी सही करणार, संपलं. कबूल करायला मला समिती आवडते. शिवणयंत्रापुढे बसलेली बाई आवडत नाही, कारण ती ऐकून घेईलच असं नाही, आणि ऐकून घेतलं तर उद्यापासून तिला परत पाणी पचणार नाही, आणि ते मी केलेलं असेल. आधीचंही मीच आणि नंतरचंही मीच. यासाठी रकाना नाही.

तिला काय सांगू हे ठरवून पाहिलं. यकृत, औषधाची पातळी, सगळं तीन वेळा खोडलं. तुला विचारतो: तू पहिल्यांदा बरणी दिलीस तेव्हा काय सांगितलंस? तू एकच वाक्य बोलली असशील, बाकीचं त्यांनी तुझ्याकडे बघून घेतलं असेल. मलाही तेवढंच जमेल असं दिसतंय. "मी केलं, मला वाटलं होतं चांगलं आहे, ते चांगलं नाही." मग ती विचारेल, "मग मी खाऊ काय?"  याचं थोडं उत्तर डॉक्टरांकडे आहे, दुसऱ्या गोळ्या, मळमळीवरचं साधं औषध. ते म्हणाले, जमेल, पण आधी रक्त.

नळीबाई मघाशी इथे थांब्यावर येऊन गेल्या. दुपारच्या सुट्टीत, धापा टाकत. चाचणीचे सगळे आकडे छापून आणले होते, डॉक्टरांना द्यायला. बाहेर न्यायची परवानगी नसते. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "नोंदवहीत मी लिहीन काय ते, तुम्ही गप्प बसा." पाकीट माझ्या मांडीवर आहे.

तू उद्या मला ओळखशील का माहीत नाही. केस गेलेत, चष्मा जाड झालाय. मोटार शिकायला आलोय असं समज आणि ये.

गाडी लागली. समोरच्या बाईंनी विचारलं, "बसमध्येही लिहिणार का?" नाही. एवढंच लिहितो आणि पेन खिशात ठेवतो.

उद्या: नऊ वाजता, सगळ्यांच्या आधी, शिंपीणबाईंचं रक्त.